बियाणं तिकडे दिलं की ते आपलं राहतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसे तुम्ही काही एकटे नाही, जीनबँकेत (म्हणजे पिकांच्या वाणांचं बियाणं जपून ठेवणाऱ्या संस्थेत) काम करते म्हटलं की समोरचा माणूस थोड्याच वेळात याच प्रश्नावर येतो, की एखाद्या देशाने आपल्या पिकांचे वाण दुसऱ्या देशात किंवा आंतरराष्ट्रीय जीनबँकेत ठेवायला दिले तर ते त्याचे राहतात, का एकदा गेले म्हणजे गेले? विचारताना आवाजात थोडा संशय असतो, की यात आपण फसलो तर नाही ना, आणि तो संशय मला फालतू वाटत नाही, त्यामागे इतिहास आहे. पण याचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असं देता येत नाही, कारण बियाणं बाहेर ठेवायच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत आणि बहुतेक लोक (पेपरवालेसुद्धा) त्यांची सरमिसळ करतात.

सगळ्यात प्रसिद्ध तऱ्हा म्हणजे स्वालबार्ड. नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिकमधल्या बेटावर, डोंगराच्या पोटात खोदलेलं कोठार, २००८ साली सुरू झालं, आत उणे १८ अंश तापमान, जागा ४५ लाख नमुन्यांची आणि आजवर साडेबारा लाखांहून जास्त येऊन पडलेत. इथला हिशोब बँकेतल्या लॉकरसारखा आहे. नॉर्वे जागा देतं, भाडं घेत नाही, पण पेटी ज्याची त्याचीच, ती दुसरं कुणी उघडत नाही, नॉर्वेसुद्धा नाही, आणि तिथून तिसऱ्याच कुणालातरी बी मिळणं हा प्रकारच नाही. म्हणजे स्वालबार्डपुरतं उत्तर सरळ आहे, हो, आपलंच राहतं.

मग लोक म्हणतात बरं झालं, सगळं तिथेच नेऊन ठेवा की. इथे मात्र मला थांबवावं लागतं. स्वालबार्डमध्ये एका नमुन्याचे साधारण ५०० दाणे असतात, ते कुणी पेरत नाही, त्यांच्याकडे बघून कुणी नवा वाण काढत नाही. ती फक्त शेवटची प्रत आहे. खरं काम चालतं ते इतर जीनबँकांमध्ये, जिथे बी वाळवतात, फॉइलच्या पाकिटात सील करतात, ठराविक वर्षांनी थोडे दाणे काढून उगवण तपासतात, आणि उगवण सुरुवातीच्या उगवणीच्या ८५ टक्क्यांच्या खाली घसरली की तो वाण परत शेतात लावून नवं बी धरतात. हे शेवटचं काम सगळ्यात खर्चिक आणि सगळ्यात जास्त तुंबलेलं. गव्हाचं त्यातल्या त्यात बरं, स्वतःचं परागीकरण स्वतः करतो, शेजारी शेजारी ओळी लावल्या तरी चालतं. पण बाकल्याच्या शेंगांसारखं पीक असलं, जिथे मधमाशी या झाडावरून त्या झाडावर जाते, तिथे प्रत्येक वाणाला वेगळा जाळीचा पिंजरा हवा, नाहीतर दहा वाण लावले आणि हातात आली खिचडी.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण इकार्डाचं, म्हणजे कोरडवाहू भागातल्या शेतीसाठीचं आंतरराष्ट्रीय केंद्र. त्यांची जीनबँक सीरियात अलेप्पोजवळ तेल हद्याला होती, गहू, बार्ली, मसूर, हरभरा, बाकला, लाखोळी डाळ, आणि त्यांचे जंगली भाऊबंद, दीड लाखाच्या आसपास नमुने. युद्ध पेटलं. तिथल्या लोकांनी जमेल तोवर फ्रीझर चालू ठेवले आणि बहुतेक संग्रहाच्या प्रती स्वालबार्डला पोचवल्या, पण नवं बी धरणं, लोकांना पाठवणं हे सगळं ठप्प झालं. म्हणून २०१५ मध्ये इकार्डाने स्वालबार्डमधून स्वतःच्या पेट्या परत मागितल्या, त्या कोठारातून कुणी बी बाहेर काढण्याची ती पहिलीच वेळ, ३८ हजारांच्या आसपास नमुने. ते लेबनॉन आणि मोरोक्कोत नेले, पेरले, वाढवले, आणि २०१७ पासून ताज्या बियांच्या प्रती परत स्वालबार्डला जायला लागल्या. बातम्यांमध्ये बर्फातला तो चमकणारा दरवाजाच सगळीकडे दिसला, पण मला विचाराल तर खरी गोष्ट लेबनॉन आणि मोरोक्कोच्या शेतातली आहे. दुसऱ्या देशांनी जमीन, पाणी, माणसं आणि क्वारंटाइनची परवानगी दिली नसती तर तीन खंडांत हिंडून आलेले ते दाणे पाकिटातच म्हातारे झाले असते.

आता दुसरी तऱ्हा, जिचा खरा संशय येतो ती. इथे बी लॉकरमध्ये नसतं, वाटपाला असतं. आधीचा जमाना असा होता की पिकांचं बियाणं म्हणजे सगळ्या मानवजातीचा वारसा, कुणीही न्यावं, १९८३ साली एफएओमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत, तसं मान्यच केलं होतं. पण मग श्रीमंत देशातल्या कंपन्या गरीब देशांतून गेलेल्या बियांपासून वाण काढून त्यावर हक्क सांगायला लागल्या, तेव्हा हे देश म्हणाले की आमचं सगळ्यांचं आणि तुमचं मात्र तुमचंच, हे कसं काय? बरोबरच होतं त्यांचं. १९९२ च्या जैवविविधता कराराने गाडी उलट्या टोकाला नेली, जे ज्या देशात आहे त्यावर त्या देशाचा सार्वभौम हक्क. हे औषधी वनस्पतींना ठीक आहे हो, पण पिकांचं काय करणार? एका गव्हाच्या वाणाच्या वंशावळीत दहा देशांचे पूर्वज सापडतात, प्रत्येकाशी वेगळा करार करत बसलं तर वाण काढणारा रिटायर होईल.

म्हणून २००१ मध्ये वनस्पती जनुकीय संसाधनांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, २००४ पासून लागू. त्यात एक यादी आहे, ६४ पिकांची, चाराही धरून. या यादीतलं जे सरकारी जीनबँकांमध्ये आहे ते सदस्य देशांनी एका सामायिक व्यवस्थेत टाकायचं, आणि ज्याला हवं त्याने एकच ठरलेला करारनामा मान्य करून घ्यायचं. गहू, भात, मका, बटाटा, हरभरा आहे यादीत. सोयाबीन नाही, भुईमूग नाही, टोमॅटो नाही, ऊस नाही. शास्त्र बघून यादी केली असती तर ही पिकं सुटली नसती, पण वाटाघाटीत प्रत्येक जण आपलं हुकमाचं पान धरून बसला आणि यादी तशीच राहिली.

तर या व्यवस्थेत दिलेलं बी आपलं राहतं का? अर्धं. तुमच्या जीनबँकेतली मूळ प्रत तुमचीच, तिथून ती कुणी उचलून नेत नाही. जो बाहेर नेतो त्याला ते बी जसंच्या तसं घेऊन इतरांना बंद होईल असा हक्क त्यावर सांगता येत नाही. पण त्यापासून नवा वाण काढून विकता येतो. तो वाण पुढच्या संशोधनाला खुला ठेवला तर पैसे देणं ऐच्छिक, आणि पेटंट वगैरेने अडवून ठेवला तर विक्रीच्या १.१ टक्क्यातून ३० टक्के वजा जाता उरेल तेवढं, म्हणजे ०.७७ टक्के, एका सामायिक निधीत भरायचं. तुमच्या देशाला थेट नाही हं, निधीत.

कागदावर छान आहे. प्रत्यक्षात बी वापरणाऱ्या कंपन्यांकडून या निधीत आलेला पैसा अगदीच किरकोळ, निधी चालतो तो मुख्यतः सरकारांनी आपणहून दिलेल्या रकमांवर, नॉर्वे तर आपल्या बियाणं विक्रीच्या ०.१ टक्क्याइतकी रक्कम देतं. आणि आता नवीच पळवाट निघालीय, वाणाचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, वाचून डेटाबेसमध्ये टाकला की तो उतरवून घ्यायला बी मागवायला नको, करारनामाही नको. त्यावर वर्षानुवर्षं बैठका चालू आहेत. त्यामुळे तुम्ही जेव्हा म्हणता की यात आपण फसलो, तेव्हा पैशाच्या बाबतीत मी तुमच्याशी वाद घालत नाही.

वाद घालते तो पुढच्या वाक्यावर, की मग देणंच बंद करा. देणं बंद म्हणजे घेणंही बंद, आणि घेतल्याशिवाय कुणाचंच भागत नाही. १९७० च्या दशकात आशियातल्या भातावर ग्रासी स्टंट नावाचा व्हायरस आला. फिलिपिन्समधल्या इरी या भात संशोधन संस्थेने संग्रहातले सहा हजारांहून जास्त नमुने तपासले आणि प्रतिकार सापडला तो एकाच नमुन्यात, ओरायझा निवारा नावाच्या जंगली भातात, जो उत्तर प्रदेशातून गोळा केलेला होता. दिसायला अगदी टाकाऊ, उत्पन्न नाहीच. तो गुण ज्या वाणांत उतरवला त्यातला आयआर ३६ हा १९७६ साली आला आणि पुढे जगात सगळ्यात जास्त लावला जाणारा भात ठरला, कितीतरी देशांत. यात कुणी कुणाला दिलं आणि कुणी घेतलं सांगा बरं. बी भारतातलं, तपासलं फिलिपिन्समध्ये, उपयोग भारतालाही झाला. तसंच कॅलिफोर्नियातल्या बार्लीला पिवळ्या खुज्या रोगातून वाचवणारा जीन इथिओपियातला होता, तिथे मात्र इथिओपियाच्या हाताला काय लागलं हा प्रश्न रास्त आहे.

आणि काही देशांनी तर जीनबँकच सामायिक ठेवलीय. नॉर्डिक देशांनी १९७९ मध्ये प्रत्येकी वेगळी न बांधता स्वीडनमध्ये एक काढली, आणि १९८४ पासून तिच्या प्रती स्वालबार्डच्याच एका जुन्या कोळसा खाणीत ठेवल्या, आजचं कोठार व्हायच्या कितीतरी आधी. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांचं सामायिक केंद्र झांबियात लुसाकाला आहे. युरोपात तर असं चाललंय की एकच वाण वीस ठिकाणी पडून असेल तर त्याची जबाबदारी एकाच जीनबँकेने घ्यायची आणि बाकीच्यांना हवं तेव्हा द्यायचं. ऐकायला सोपं आहे पण माझ्यासारख्या कॅटलॉगवाल्यांना विचारा, तोच वाण वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या नंबरांनी नोंदलेला असतो, कुठे गावाचं नावच चुकलेलं, कुठे गोळा केल्याचं वर्षच नाही. एफएओच्या २०१० च्या अहवालात जगभरात १७५० च्या आसपास जीनबँका आणि ७४ लाख नमुने धरले होते, आणि त्यातले खरोखर वेगळे असतील ते फक्त २५ ते ३० टक्के असा अंदाज. बाकीच्या प्रती. पण म्हणून सुरक्षित समजू नका, एका वाणाच्या तीस प्रती असतात आणि दुसऱ्याची एकही नसते, आणि ती नाही हे कळतं तो फ्रीझर बंद पडल्यावर.

केळी आणि नारळाचं तर आणखीच वेगळं. खायच्या केळीला बीच नसतं, त्यामुळे जगातला सगळ्यात मोठा केळी संग्रह बेल्जियममध्ये लूव्हनला काचेच्या नळ्यांत रोपं म्हणून आणि द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलाय, जिथे केळीची शेतीच नाही म्हणून केळीचे रोगही नाहीत, आणि बाहेर पाठवण्याआधी व्हायरसची तपासणी होते. नारळ वाळवता येत नाही, गोठवता येत नाही, स्वालबार्डला पाठवून उपयोग नाही, झाडंच लावावी लागतात, म्हणून भारत, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी, कोत दिव्वार आणि ब्राझील यांनी आपापल्या भागाचे नारळ सांभाळायचं ठरवलं. पापुआ न्यू गिनीतल्या बागेजवळ झाडं मारणारा रोग पोचला तेव्हा प्रश्न पडला की हे वाण दुसरीकडे हलवायचे तर रोग न हलवता कसे हलवायचे, आणि अशा वेळी ज्याच्या जमिनीत झाडं आहेत त्याचं मन वळवणं जेवढं कठीण तेवढंच ज्याच्या जमिनीत ती न्यायची आहेत त्याचं.

तर तुमच्या मूळ प्रश्नावर, बियाणं बाहेर द्यायची वेळ आली तर 'ते आपलं राहील का' याच्या आधी मी हे विचारीन की ते कुठल्या अटीवर चाललंय, लॉकरच्या का सामायिक व्यवस्थेच्या, आणि आपल्याकडे जी प्रत राहतेय तिची उगवण शेवटची कधी तपासली. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा मिळतं. दुसऱ्याला लोक फाइल शोधायला जातात.