मंडी इंदूरची, भाव क्वालालंपूरचा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बाजार जगाला खुला केला की देशाचं सार्वभौमत्व जातं का, हा प्रश्न मला हमखास येतो. पुण्याकडचे नातेवाईक विचारतात, स्पर्धा परीक्षेची पोरं तर "काका, दोन मुद्दे सांगा" म्हणून वहीच उघडतात. मी काही अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाही. इंदूरजवळच्या सोयाबीन प्लँटच्या खरेदीत नोकरी केली, तेव्हा उत्तर तेलातूनच येणार.

छावनी मंडीत लिलावाआधी व्यापाऱ्यांचा पहिला प्रश्न आवक किती हा नसतो, "केएलसी काय म्हणते?" हा असतो. केएलसी म्हणजे क्वालालंपूरचा पाम तेलाचा वायदा. रात्री शिकागोला सोया कितीवर बंद झालं, हे तोवर पाहून झालेलं असतं. मग ट्रॉलीत परखी खुपसली जाते, तळहातावर मूठभर दाणे येतात, कोणी एखादा दाताखाली फोडून ओल बघतो आणि बोली लागते. देपालपूर-सांवेरकडचा शेतकरीही हल्ली केएलसी बघूनच ट्रॅक्टर काढतो.

याला कोणी गुलामी म्हणतं. मला पटत नाही. भाव बाहेर ठरतो, ठरू दे. तो आपल्या उंबऱ्यावर आला की त्याचं काय करायचं, हे ठरवायला सरकारकडे आयात शुल्क आहे. तिथे खरंच आपले हात बांधलेत का, एवढंच बघायचं.

थोडे बांधलेत. जागतिक व्यापार संघटनेत आपण प्रत्येक मालावरच्या कमाल शुल्काचं वचन दिलंय. सोया तेलावर ते 45 टक्के, त्यापुढे जाता येत नाही. किती माल आणायचा यावरची परिमाणबंधनंही अमेरिकेनं नेलेल्या तंट्यात हरल्यामुळे काढावी लागली; शेवटची यादी 1 एप्रिल 2001 ला गेली. पण पाम तेलावर 300 टक्क्यांपर्यंत मुभा आहे. तीनशे! आणि ऑक्टोबर 2021 पासून सप्टेंबर 2024 पर्यंत कच्च्या पाम तेलावर मूळ शुल्क किती होतं? शून्य. वर थोडा उपकर, बस. हा आकडा जिनिव्हातून, म्हणजे त्या संघटनेच्या मुख्यालयातून, आला नव्हता, दिल्लीत ठरला होता.

हे आजचंही नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आपण खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण होतो. 1994 मध्ये पामोलीनची, म्हणजे रिफाइंड पाम तेलाची, आयात खुली झाली, तेव्हा शुल्क 65 टक्के होतं. 1998 पर्यंत ते 15 वर आणलं. तेल महागलं की शहरात ओरड होते आणि निवडणुकीत ती ऐकू येते. सोयाबीन पडलं तर ओरड होते ती मंडीत. आज निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. सोयाबीनच्या या आमच्या राजधानीत स्वस्त शेवेचं पाकीट उलटून वाचा, बहुतेक वेळा पामोलीनच सापडेल.

इतकं अवलंबून राहिल्यावर मात्र अधिकार कागदावर असून भागत नाही. 28 एप्रिल 2022 ला इंडोनेशियानं घरचं तेल महागलं म्हणून पामची निर्यातच थांबवली. बंदी तीन-साडेतीन आठवडेच टिकली, पण तेवढे दिवस आपल्या हातात वाट बघण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. उलट बाजूही आहे. मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान महातीर काश्मीरवर बोलले आणि जानेवारी 2020 मध्ये भारतानं रिफाइंड पामच्या आयातीवर निर्बंध घातले. मोठं गिऱ्हाईक असण्याचा तो फायदा. पण तेव्हा इंडोनेशियाचं दार उघडं होतं, हेही लक्षात घ्या.

आमच्या होळकरांचं उदाहरण मी मुद्दाम देतो. 1818 च्या मंदसौरच्या तहानं होळकर इंग्रजांचे मांडलिक झाले, तरी माळव्याची जमीन, शेतकरी, सावकार सगळं इथलंच होतं. माळव्याची अफू ईस्ट इंडिया कंपनीला बंगालसारखी मक्तेदारीत घेता आली नाही. मग तिनं 1830 च्या सुमारास तो नाद सोडला आणि मुंबई बंदराकडे जाणाऱ्या मालावर पासाचं शुल्क बसवलं. बंदराची वाट कंपनीच्या हातात होती, त्यामुळे पीक माळव्याचं आणि जकात कलकत्त्याची. आज आपली बंदरं आपली आहेत, जकातही आपली. म्हणूनच मला राग परदेशी लोकांपेक्षा दिल्लीचा जास्त येतो.

ऑगस्ट 2021 ची गोष्ट घ्या. सोयाबीन क्विंटलला 10,000 च्या आसपास गेलं होतं. कोंबडीखाद्य परवडेना म्हणून आपल्याच पोल्ट्रीवाल्यांनी मागणी केली आणि केंद्रानं जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, सोयाबीनची 12 लाख टन ढेप आयातीला मोकळी केली. जीएम सोयाबीन पेरायला इथे परवानगी नाही. त्याची ढेप चालली!

सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावर 20 टक्के शुल्क लागलं, तरी मंडीत भाव 4,892 च्या हमीभावाखालीच. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम 18 किलो, उरते मुख्यतः ढेप. शुल्कानं तेल सावरलं. ढेपेला मात्र इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणाऱ्या डीडीजीएसनं, म्हणजे पशुखाद्यात जाणाऱ्या धान्याच्या सुक्या चोथ्यानं, खाल्लं, आणि ते इथेनॉलचं धोरणही आपलंच.

मग 30 मे 2025 ला ते 20 टक्क्यांचं शुल्क 10 वर आलं. माळव्यात जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरणी होते. बियाणं तोवर घरात येऊन पडलेलं असतं. शुल्क 10 ठेवा की 40, त्यावर वाद घालता येईल. पण जो आकडा ठरवाल तो एप्रिलमध्ये सांगा आणि दिवाळीनंतर माल विकला जाईपर्यंत हलवू नका. याला जिनिव्हाची परवानगी लागत नाही.