येळ्ळूरच्या चिखलातले बुडबुडे

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात भाताच्या वाफ्यात पाय टाकला की चिखलातून बुडबुडे येतात. ते मिथेनचे. एमएस्सीच्या प्रकल्पाला मी तेच घेतले. पाणी साचलेल्या जमिनीत वरच्या काही मिलिमीटरखाली ऑक्सिजन उरत नाही, तिथे मिथेन बनवणारे आर्किया नावाचे एकपेशीय जीव जगतात. 1977 मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी याच जिवांच्या आरएनएवरून दाखवलं की हे बॅक्टेरियांहून निराळे आहेत. मातीतले बहुतेक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत वाढवता येत नाहीत, म्हणून सगळ्यांचा डीएनए एकदमच काढून वाचायचा.

पहिला अर्क काळ्या चहासारखा आला. कुजलेल्या पालापाचोळ्यातून मातीत आलेलं ह्युमिक आम्ल, ते राहिलं की पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणं, होत नाही. तिसऱ्या खेपेला अर्क निवळ झाला.

वाचून आले ते डीएनएच्या दीडशे-दीडशे अक्षरांचे कोट्यवधी तुकडे. हजारो पोथ्या फाडून एकाच पोत्यात कोंबल्यासारखे. ते जुळवणं माझ्या लॅपटॉपच्या आवाक्यातलं नव्हतं. सरांनी क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या मोठ्या संगणकांवर, खातं मिळवून दिलं. मेटास्पेड्स हे तुकडे जुळवणारं सॉफ्टवेअर दोन दिवस चाललं आणि मेमरी संपून बंद पडलं; तिथल्या एका संगणकाला 192 जीबी होती, ती पुरली नाही. त्या रात्री मी खरंच खचलो होतो.

मग मेगाहिट हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर लावलं. ते तुकड्यांचं जाळं दाबून साठवतं, त्यामुळे कमी मेमरीत भागतं. 21 अक्षरांच्या जुळणीपासून सुरू करून 141 पर्यंत पायरीपायरीने चढतं. छोट्या जुळणीत विरळ जीवही हाती लागतात, मोठ्या जुळणीत सारखे दिसणारे भाग सुटे होतात. ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

जुळलेल्या लांब पट्ट्यांत एमसीआरए जनुक सापडलं. मिथेन बनण्याच्या शेवटच्या पायरीचं एन्झाइम त्यावरून तयार होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय बघूलास रे एवढं?" बाबांनी विचारलं. मी बुडबुड्यांचं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. "मग मधी पाणी सोडून वाफा सुकवला तर?"

अगदी बरोबर. हवा आत शिरली की मिथेन कमी होतो. पण डीएनएवरून जीव आहेत एवढंच कळतं, ते त्या घडीला काम करतात का हे आरएनए, म्हणजे कामाला लागलेल्या जनुकांची नक्कल, सांगतो. येत्या खरिपात बांधाकडचे दोन वाफे बाबा मला देणार आहेत. एकात पाणी कायम, दुसऱ्यातलं मधूनमधून काढून वाफा सुकवायचा.