आगीनंतर फुलणारं झाड आणि आमचं गाव : माझा अनुभव

मी तळेगाव दाभाड्याजवळच्या एका गावात शाळेत सायन्स शिकवते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये बातमी आली की पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना आपल्या तळेगावच्याच गवताळ उतारांवर एक नवीन वनस्पती सापडलीये, डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा नावाची, आणि ती वणव्यानंतर परत फुलते. वाचून खूप आनंद झाला आणि लगेच वाटलं, हे बाहेर सगळ्यांना कळलं पण जो माणूस रोज त्याच डोंगरावर गुरं घेऊन जातो त्याला कोण सांगणार? मग ठरवलं आपणच सांगायचं. एक मोठा फ्लेक्स आणि शाळेच्या पटांगणात अर्धा तास बोलणं, एवढंच डोक्यात होतं. आठवड्याचं काम वाटलं, लागले जवळजवळ तीन महिने.

आधी शोधाची गोष्ट नीट समजून घेतली. आदित्य धारप हे तळेगावातच राहणारे वनस्पती अभ्यासक, त्यांनी २०२० मध्ये पहिले नमुने गोळा केले. मग आघारकरचे डॉ. मंदार दातार पुढची काही वर्षं त्या झाडांवर लक्ष ठेवून होते, की हे वेगळेपण दरवर्षी तसंच दिसतंय का, का एखाद्याच वर्षीचं आहे. त्यानंतर लंडनच्या क्यू गार्डन ह्या मोठ्या वनस्पती उद्यानातल्या ह्या कुळाच्या तज्ज्ञांनी बघून सांगितलं की हो, ही नवीनच आहे. मला स्वतःला हा भाग फार मोलाचा वाटतो. आपण फोटो काढतो, ॲपवर टाकतो, दोन मिनिटांत नाव मिळतं आणि विषय संपतो, इथे माणसं वर्षानुवर्षं त्याच उतारावर परत परत जात राहिली.

गावात बोलायला लागले तर पहिली अडचण नावाचीच. आघारकर म्हटलं की लोक म्हणायचे गोपाळ गणेश आगरकर का, आणि संस्थेचा पत्ताही नेमका आगरकर रस्त्यावरचा, त्यामुळे गोंधळ अजूनच वाढायचा. म्हणून फ्लेक्सवर दोन ओळी त्यासाठीच ठेवल्या, की हे शंकर पुरुषोत्तम आघारकर, मूळचे मालवणचे, स्वतः वनस्पतीशास्त्रज्ञ, १९४६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात संस्था सुरू झाली आणि १९९२ मध्ये तिला त्यांचं नाव दिलं.

मग भाषा. शोधनिबंधात फुलोऱ्याचं वर्णन असं की मलाच दोनदा डिक्शनरी काढावी लागली. मुद्दा एवढाच होता की ह्याच्या फुलांचे छोटे झुपके मिळून कणसासारखा फुलोरा होतो, ह्या जातकुळीत भारतात असं दुसरं कुणी नाही, जवळचं नातलग थेट आफ्रिकेत. हे मुलांना कसं सांगायचं? शेवटी नात्यागोत्यातूनच सांगितलं. अडुळसा, कोरांटी, अबोली, कारवी ही सगळी एकाच कुळातली, म्हणजे ह्या झाडाची भावकीच. अडुळशाचा काढा घरोघरी होतो, अबोलीचे गजरे सगळ्यांनी बघितलेत, त्यामुळे बायकांनी तर लगेच फोटोतल्या दोन ओठांच्या फुलाकडे बघून "हां, अडुळशासारखंच की" म्हटलं.

फोटो वापरायची परवानगी ईमेलवर लगेच मिळाली. फ्लेक्स लावायची परवानगी मात्र एका कार्यालयात तीन आठवडे पडून होती, चार फेऱ्या मारल्या, प्रत्येक वेळी साहेब मीटिंगला. असो.

खरी अडचण आली ती वेगळीच, आणि ती माझ्याच चुकीने. फ्लेक्सचं पहिलं हेडिंग मी मोठ्या अक्षरात केलं होतं, "आगीत फुलणारं फूल!" मला ते खूप आवडलेलं. छापायच्या आधी शेजारच्या मामांना दाखवलं, साठी उलटलेले, आयुष्यभर त्या डोंगरावर गुरं चारली त्यांनी. त्यांनी नातवाकडून सगळं वाचून घेतलं, शांत ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे बाई, आमी डोंगूर पेटवतो ते ब्येसच की. आता तर शास्त्रज्ञच म्हणत्यात." माझ्या पोटात गोळा आला. आमच्याकडे दरवर्षी उन्हाळ्यात गवत पेटवतात, पावसाळ्यात नवीन गवत जोमाने येतं म्हणून, आणि वर्षानुवर्षं आम्ही शाळेतून वणवा लावू नका अशी फेरी काढतो, आणि आता माझाच फ्लेक्स काडी लावायचं निमित्त होणार होता.

घाबरून मी दुसरं टोक गाठलं, आगीचा सगळा भागच काढून टाकला. एका ओळखीच्या वनस्पती अभ्यासकांना तो मजकूर पाठवला तर त्यांचा फोन आला, की हे असं नका करू, हे झाड वर्षातून दोनदा फुलतं हाच तर शोधाचा गाभा, तो लपवला तर लोकांना अर्धवट सांगितल्यासारखं होईल आणि उद्या बातमी वाचली की तुमच्यावर विश्वास राहणार नाही. पटलं मला ते. आपण लोकांना समजणार नाही म्हणून गोष्ट कापतो हे बरोबर नाहीच.

मग परत लिहायला बसले. चार वेळा लिहिलं, दरवेळी मामांना वाचून दाखवलं. शेवटचं असं झालं : "हे झाड पावसाळा संपल्यावर नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत फुलतं. उतार जळाला तर वरचं सगळं जातं, पण जमिनीतला लाकडासारखा ठोंब जिवंत राहतो आणि मे-जूनमध्ये त्यातून बुटके धुमारे येऊन परत भरभरून फुलं लागतात, पण थोडेच दिवस. ह्या झाडाला आगीची सवय आहे. टिटवीच्या अंड्यांना नाही, लाव्याच्या पिल्लांना नाही, कोवळ्या रोपांना नाही. आणि माणूस मनाला येईल तेव्हा पेटवत राहिला तर हे झाड ज्या माळावर राहतं तो माळच बिघडतो." टिटवी मामांनी सुचवलेली. ती मार्चपासून उघड्या जमिनीवर अंडी घालते हे त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत, जळलेली अंडी त्यांनी स्वतः बघितलीत. नेमका उतार कुठला ते मात्र फ्लेक्सवर मुद्दाम टाकलं नाही, नाहीतर लोक उपटून न्यायला गेले असते.

कार्यक्रमाला सत्तर-ऐंशी माणसं आली. वणव्यावर वाद झालाच, एकजण म्हणाला मग चारा कुठून आणायचा, आणि तो प्रश्न खरा आहे, त्याला उत्तर म्हणून मला फक्त जाळपट्टे, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, काढून आग आटोक्यात ठेवण्याबद्दल बोलता आलं, सगळ्यांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, आग लागलीच नाही तर मेमध्ये ते फुलेल का?" मी सांगितलं मला माहीत नाही, आपण विचारूया.

मेमध्ये मामा, मी आणि नऊ मुलं वर गेलो. एक पट्टा जळालेला होता, कुणी पेटवला ते कळलं नाही. काळ्या राखेत कुसळीची जळकी बुडं आणि त्यात मध्येच इवलेसे हिरवे धुमारे, फुलांनी लगडलेले. मुलं गुडघ्यावर बसून बघत होती, हात कुणीच लावला नाही. मामा म्हणाले, "हे तर मी ल्हानपनापास्नं बघतोय, वणव्यामागनं येतंय. पल्याडच्या अंगालाबी हाये, तिकडं पेटत नाय कधी. तिथं काय होतंय ते बघाया पायजे."

हे मी त्या अभ्यासकांना कळवलं, तर ते म्हणाले दोन्हीकडच्या तारखा ठेवा. आता मामांच्या घरी भिंतीवरच्या कालनिर्णयवर ती सहावीतली मुलगी खुणा करते, अल्याडसाठी फुली आणि पल्याडसाठी गोल.