ओढा कुठल्या फायलीत?

शनिवार, रात्री उशिरा

आज दिवसभर एका ओढ्याचा माग काढत होते, तोही कागदावर. प्रकल्पाच्या ईआयए अहवालात, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांच्या मूल्यांकनात, जागेचं वर्णन ‘पडीक, सपाट’ असं आहे. गाव नकाशावर मात्र त्याच गटातून ओढा उतरतो आणि सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन, वर्ग ‘ब’ म्हणून काही क्षेत्र धरलेलं आहे. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, ओढा, पाणवठा असं सार्वजनिक वापरातलं क्षेत्र. अहवालाच्या पाण्यावरच्या प्रकरणात त्याचं नावही नाही. मंजुरीविरुद्धचं अपील उभं राहतं ते अशा जागी. मोठी तत्त्वं नंतर येतात, आधी दोन कागद शेजारी ठेवून बसावं लागतं.

इतकी वर्षं या कामात काढल्यावर एक गोष्ट मनाला फार लागते. जमीन महसूलकडे, धरणाचं पाणी जलसंपदाकडे, सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. शिवारात मात्र हे सगळं एकच असतं. 1882 चा ईझमेंट ॲक्ट, म्हणजे सुविधाधिकारांचा कायदा, तर आपल्या हद्दीतलं भूजल उपसण्याचा हक्क जमीनमालकाला देतो. म्हणजे ज्याची बोअर खोल त्याचं पाणी, आणि ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही त्याने मागायचं तरी कशाच्या आधारावर? पुढे भूजलाचे कायदे झाले, तरी युक्तिवादात हे कलम अजून समोर येतंच. मला ते अन्यायाचं वाटतं आणि कोर्टात मी तसं म्हणतेही.

म्हणून 1996 चा कमलनाथ निकाल मी जुनिअर्सना पुन्हा पुन्हा वाचायला लावते. एका रिसॉर्टसाठी बियास नदीचा प्रवाह वळवला होता. नद्या, वनं, किनारे यांचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सांगितलं. विश्वस्ताला हिशेब मागता येतो. माझ्या सगळ्या वकिलीचा पाया तो आहे.

पण तो हिशेब मागायलाही मुदत आहे. पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या न्यायपीठात, 30 दिवसांत अपील, सबळ कारण दाखवलं तर आणखी 60 दिवस, त्यापुढे दार बंद. मंजुरी वेबसाइटवर चढते, गावाला कळतं ते जेसीबी आल्यावर. लोक माझ्याकडे येतात तेव्हा अर्धी मुदत उलटलेली असते. त्यामुळे पहिल्याच भेटीत मी विचारते, ‘मंजुरीचं पत्र कधी हाती आलं?’ नुकसानीची हकीकत त्यानंतर ऐकते. समोरच्या बाईंना ते कोरडं वाटतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. पण तारीख हुकली तर ती हकीकत ऐकायला कुणीच उरत नाही.

या अपिलाची मुदत सोमवारी संपते. भूमी अभिलेखकडून नकाशाची प्रमाणित प्रत मिळाली आहे. उद्या ओढ्याचे मुद्दे पहिल्या क्रमांकावर घ्यायचे, प्रकल्पावर गावकऱ्यांचं म्हणणं ऐकून घेणाऱ्या जनसुनावणीचे त्याखाली.