चार नंबरचा बॉल: शिलाई झाली, हवा भरली

मंडळी, मी हातानं शिवायला घेतलेला कातडी फुटबॉल अखेर बंद झाला. मागच्या नोंदीत कातडं आणून रापीला, म्हणजे कातडं कापायच्या हत्याराला, धार लावण्यापर्यंत गाडी आली होती. त्यानंतर बरंच घडलंय, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: आमचे आण्णा कोल्हापुरात पेठेतल्या पोरांना फुटबॉल शिकवायचे. नोकरी शिरोलीच्या फाउंड्रीत. रात्रपाळी करून आले की आंघोळ, चहा, आणि सायकलच्या हँडलला बॉलची जाळी अडकवून थेट मैदान. कोचिंगचा पगारबिगार काही नव्हता. गेल्या वर्षी ते गेले. माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांची आरी, सुया, मेणाचा गोळा आणि एक उसवलेला बॉल निघाला. पाकिटं, पर्सा मी आधीपासून शिवतेच, पण बॉल कधी केला नव्हता. करायचा तर चार नंबरचाच, हे ट्रंक उघडली तेव्हाच ठरलं.

चारच का, हे जरा सांगायला हवं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींच्या संघांच्या मॅचेस बघत वाढलेल्या पोराला मोठ्यांचाच बॉल हवा असतो. पाच नंबरचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम. चार नंबरचा घेर ६३.५ ते ६६ आणि वजन ३५० ते ३९०. कागदावर फरक किरकोळ वाटतो, पण दहा वर्षांच्या पायाला तो कळतो. जड बॉल लांब जात नाही म्हणून पोरगं बुटाच्या टोकानं हाणायला लागतं. ती सवय एकदा लागली की घोटा आवळून पायाच्या वरच्या भागानं मारणं पुढं फार अवघड जातं. म्हणून बारा वर्षांच्या आतल्यांना चार नंबर, हा आण्णांचा हट्ट. बाकीचे हसायचे, ‘बाळांचा बॉल’ म्हणायचे. आण्णा खिशातून शिंप्याचा टेप काढून निवांत घेर मोजत बसायचे.

मलाही त्याच बॉलवर शिकवलं. मैदानात मुलगी मी एकटीच. एका पोराच्या वडिलांनी कुरकुर केली तर म्हणाले, "आमच्याकडं लेफ्ट बॅक न्हाई. तुमच्या घरात कोण असला तर धाडा." विषय संपला. मॅच हरून रडत घरी आले की समजूत आई काढायची. आण्णा रात्री जेवताना ताटातल्या भाकरीच्या तुकड्यांनी मी कुठं उभी राहायला हवं होतं ते मांडून दाखवायचे. वरून आमटी वाढली की अख्खी डिफेन्स वाहून जायची.

आता कामाचं. डिझाईन नेहमीचंच, ३२ तुकड्यांचं: १२ पंचकोन, २० षटकोन, ९० शिवणी. काळ्या-पांढऱ्या रूपात हा बॉल १९७० च्या मेक्सिको विश्वचषकामुळे घरोघरी पोचला. माप काढायला गोलाच्या पृष्ठफळाचा आधार घेतला. घेर ६५ सेंटिमीटर धरला तर पृष्ठफळ सुमारे १३४५ चौरस सेंटिमीटर येतं, आणि त्यावरून प्रत्येक बाजू साधारण ४३ मिलिमीटर. हवा भरल्यावर कातडं ताणतं, म्हणून मी ४२ धरली आणि शिवणीसाठी चहूबाजूंनी ५ मिलिमीटर सोडले. कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, पण चपलेचं नव्हे. चपलेसाठीचं म्हशीचं कातडं जाड असतं, बॉलला ते चालणार नाही. हे पावणेदोन मिलिमीटरचं आहे, आतून सुती कापडाचं अस्तर चिकटवलंय. अस्तर नसेल तर बॉल काही दिवसांत दुधी भोपळा होतो.

शिलाई दोन सुयांची. चप्पल करणाऱ्या एका मामांनी हात बसवून दिला. मेणदोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी आरपार, आणि दर टाक्याला सारखा हिसका. एका कडेला आठ टाके, म्हणजे ७२० टाके. बॉल उलटा शिवत जायचा, शेवटच्या काही शिवणी राहिल्या की सुलटा करून आत ब्लॅडर, म्हणजे हवेची रबरी पिशवी, बसवायचं. खरी गोम कोपऱ्यांत आहे. प्रत्येक कोपऱ्यात एक पंचकोन आणि दोन षटकोन भेटतात, आणि असे कोपरे ६०. तिथं दोरा सैल राहिला तर हवा भरल्यावर ब्लॅडर डोळ्यासारखं बाहेर डोकावतं. आण्णांच्या उसवलेल्या बॉलवर प्रत्येक कोपऱ्यात त्यांनी एक जादा टाका मारलेला दिसतो. मीही तसाच मारला. शेवटची शिवण बाहेरून आंधळेपणानं घ्यावी लागते. दोरा आत ओढून गाठ दडपताना बोटांची सालं निघाली.

शिवता शिवता आठवलं. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला, आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत पोरांची ही गर्दी. आण्णांनी फर्मान काढलं: बॉलकडं बघायचं नाही. प्रत्येकानं एकेक खेळाडू वाटून घ्यायचा आणि त्याच्या पायात बॉल नसताना तो काय करतो तेवढं बघायचं. पोरं वैतागली. पण आता त्यातलाच एक मोटारसायकलचं गॅरेज सांभाळून सकाळी लहानांना शिकवतो, आणि तोही पोरांना हेच करायला लावतो.

पहिली चाचणी त्याच्याच हातून झाली. त्यानं बॉल दाबला, फरशीवर सोडला, गरगर फिरवला आणि म्हणाला, "ताई, आण्णांनी आधी टेप काढला असता बगा." टेप आणलाच होता. तीन दिशांनी मोजला: ६५.२, ६५.५, ६५.३. गोलाई झकास. वजन मात्र ३९८ ग्रॅम, म्हणजे हद्दीपेक्षा ८ जास्त. सरावाला चालेल असं त्याचं मत, आण्णांनी चालवून घेतला नसता असं माझं. त्यात हे कातडं पाणी पितं, पावसाळ्यात वजन आणखी वाढणार. तेल-मेणाचा हात देऊन बघतेय, पण चिखलात त्याचा किती टिकाव लागेल याची शंकाच आहे.

पुढच्या बॉलला शिवणीच्या कडा रापीनं तासून पातळ करणार, तिथंच पंधरा-वीस ग्रॅम वाचतील असा अंदाज आहे. ब्लॅडर लॅटेक्सचं वापरलंय. उसळी छान देतं, पण हवा लवकर सोडतं, दोन-तीन दिवसांत पंप मारावा लागतो. चार नंबरसाठी ब्यूटाइल या कृत्रिम रबराचं ब्लॅडर कुणी वापरलं असेल तर त्याचं वजन तेवढं कळवा.