बर दुबईचा कबाब आणि सासूबाईंचा शनिवार

बर दुबईत पोचलेला मराठी माणूस आधी मीना बाजारात शिरतो. आम्हीही शिरलो, साड्यांच्या दुकानांत दोन तास घालवले, आणि पोटात कावळे ओरडायला लागल्यावर भाच्याने आम्हाला अल मुसल्ला रस्त्यावरच्या 'अल उस्ताद स्पेशल कबाब'मध्ये नेलं. १९७८ पासूनचं इराणी हॉटेल. मेट्रोच्या ग्रीन लाइनवर बुरजुमान आणि अल घुबैबा यांच्या मधल्या स्टेशनवर उतरलात की चालत जाता येतं. गाडी आणायच्या भानगडीत पडू नका, संध्याकाळी या भागात पार्किंग शोधण्यात भूक मरते.

आत भिंती फोटोंनी भरलेल्या आणि टेबलाच्या काचेखाली देशोदेशीच्या नोटा. आम्ही आपली दहाची नोट शोधत बसलो. मेन्यू आटोपशीर आहे. हिंदीत बोललं तरी काम होतं.

पहिली चूक माझी. कबाब म्हटल्यावर मी मनात सीख कबाब, हिरवी चटणी आणि तिखट रस्सा धरून बसले होते. इराणी कबाबात हे काहीच नसतं. कूबिदे म्हणजे खिमा, त्यात कांदा, मीठ आणि थोडी चरबी, रुंद चपट्या सळईवर बोटांनी दाबून बसवलेला. बर्ग म्हणजे फारसीत पान; मांसाचा पातळ, लांब तुकडा. दोन्ही एकत्र हवे असतील तर इराणी हॉटेलांत 'सुलतानी' मागायचं. जूजे म्हणजे लिंबू-केशरात मुरवलेली कोंबडी. इथली खासियत मात्र 'खास कबाब', दह्यात मुरवलेला. पहिल्या घासाला 'यात मसालाच नाही' असं वाटलं. तिसऱ्या घासाला मी बोलणं बंद केलं.

आणि भात! पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नान मागवून पोट भरू नये, ही माझी कळकळीची विनंती. तांदूळ भिजवून, अर्धवट शिजवून, पेज काढून मग वाफेवर ठेवतात. आपल्या आज्या भात वेळायच्या ना, तीच जातकुळी, फक्त दाणा लांब आणि सुटा. गरम भातात लोणी घालायचं, भाजलेला टोमॅटो त्यातच कुस्करायचा, वरून सुमाक भुरभुरायची. सुमाक ही लालसर आंबट पूड. आमसुलाची आठवण होते, पण चव हलकी. मग कबाबाचा तुकडा, थोडा भात आणि कच्चा कांदा एका घासात. चमचा आणि काटा देतात, सुरी लागतच नाही. पातेल्याच्या तळाची खरवड, म्हणजे 'तहदीग', मिळते का ते कुठल्याही इराणी हॉटेलात आवर्जून विचारा.

आमच्या सासूबाई शनिवारी मांसाहार करत नाहीत आणि तो नेमका शनिवार होता. भात, लोणी, दही-काकडी आणि सॅलड यावर त्यांचं मजेत भागलं. पण कडक शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं: भाजलेला टोमॅटो बहुतेक वेळा कबाबाच्याच निखाऱ्यांवर, शेजारच्या सळईवर भाजलेला असतो. चालत नसेल तर आधीच सांगा. माझ्या सासूबाईंना ते मी घरी पोचल्यावर सांगितलं, तोवर टोमॅटो पचला होता.

पेय म्हणून भाच्याने 'दूग' मागवलं. "कबाबाबरोबर दूध?" सासूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आलं ते खारं, पुदिन्याचं ताक. त्यांनी दोन ग्लास घेतले.

चौघांनी चार ताटं मागवायचं कारण नाही. भाताचा ढीग मोठा असतो. तीन ताटं घेऊन वाटून खा, उरलं तर बांधून देतात. सुटीच्या दिवशी रात्री थांबायला लागू शकतं, तेव्हा आठच्या आत पोचलेलं बरं. रमजानमध्ये वेळा बदलतात, आधी फोन करून निघा.

जेवणाआधी वेळ असेल तर जवळच्या अल फहिदी वस्तीत फिरून या. तिचं जुनं नाव बस्तकिया, दक्षिण इराणमधल्या बस्तक गावाहून आलेल्या व्यापाऱ्यांवरून पडलेलं. वारा पकडून खाली घरात सोडणारे मनोरे तिथे अजून उभे आहेत. जेवणानंतर मात्र फार चालवणार नाही. आम्ही सरळ खाडीवर गेलो आणि एका दिरहॅमला माणशी अब्रा, म्हणजे लाकडी होडी, पकडून पलीकडे देऱ्याला उतरलो. तिथल्या मसाल्याच्या बाजारात सासूबाईंनी पाव किलो सुमाक घासाघीस करून घेतली, आणि पिशवी शेवटपर्यंत स्वतःच्याच मांडीवर ठेवली.