काळा धूर पंपाचा नव्हता

साखरपा सोडून आंबा घाट सुरू झाला की माझं लक्ष रस्त्यापेक्षा आरशाकडेच जास्त जायचं. मागे नुसता काळा ढग. मागून येणारी एसटी त्या ढगात दिसेनाशी व्हायची, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. गाडी म्हणजे ट्रक, २००४ चा, सहा सिलिंडरची, टर्बोवाली. आबांनी घेतलेली. रत्नागिरीकडून चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड, भरायचा आणि कोल्हापुरात खाली करायचा, हा आमचा नेहमीचा फेरा. ज्या चढाला ती तिसऱ्या गिअरवर दम न तोडता जायची, तिथं आता दुसऱ्यालाही रडायला लागली होती.

काळा धूर म्हटलं की जो तो इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाकडे बोट दाखवतो. मीही पंप आणि नोझल उतरवले, कॅलिब्रेशन करून आणलं. साडेअठरा हजार गेले. एअर फिल्टर नवा टाकला. रिकामी गाडी छान पळाली, पण चिरा भरून घाटाला लागलो तर धूर तेवढाच. पीयूसीला ५८ आकडा आला, म्हणजे पास. जुन्या डिझेल गाड्यांना ६५ एचएसयूपर्यंत (एचएसयू म्हणजे धूर किती दाट ते मोजायचं माप) चालतं. पण ती तपासणी उभ्या, रिकाम्या गाडीवर रेस मारून होते. चढावर, लोडमध्ये काय होतं ते तिथं कळत नाही.

खरी खूण रोज सकाळी कानावर पडत होती. थंड इंजिन चालू केलं की टिकटिक यायची, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजल्यासारखी. पाच-सात मिनिटांत गायब. टॅपेट ढिले असतील म्हणून मी दोनदा सेट करून घेतले. शिवाय केबिनमध्ये डोळे चुरचुरायचे, डोकं जड व्हायचं. रात्रीच्या जागरणानं होत असेल, असं धरून चाललो होतो.

शेवटी आबांच्या ओळखीच्या मेस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी आधी पान्याला हातच लावला नाही. "रात्रभर गाडी हितंच ऱ्हाऊ दे. सकाळी मी आल्याशिवाय स्टार्टर मारायचा न्हाई," एवढंच म्हणाले. सकाळी त्यांनी हातभर रबरी नळी घेतली. एक टोक कानाला, दुसरं एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या ओतीव पाइपाच्या, कडेनं फिरवत नेलं. क्लीनरला सायलेन्सरच्या तोंडावर ओलं पोतं क्षणभर दाबायला लावलं. सहा नंबरच्या सिलिंडरपाशी टिकटिकीची सरळ फुसफुस झाली. "ये, ऐक," म्हणून नळी माझ्या कानाला लावली. नंतर बॅटरीचा उजेड मारून दाखवला. इंजिनाच्या हेडवर, धूर बाहेर पडायच्या भोकाच्या (पोर्टच्या) खालच्या अंगाला, काजळीचा पंखा उमटला होता. मऊ, कोरडा, बोटाला लागणारा. इतके महिने मी त्याच बाजूनं ऑइल बघत होतो.

मेस्त्रींनी उलगडून सांगितलं ते असं. टर्बो फिरतो तो इंजिनातून निघालेल्या धुराच्या जोरावर. तो जोर टर्बोपर्यंत पोचायच्या आधीच हेड आणि मॅनिफोल्डच्या मधल्या फटीतून निसटला तर टर्बो मंद फिरतो आणि हवा कमी दाबतो. पंप डिझेल मात्र तेवढंच सोडतो. न जळलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर. गाडी तापली की लोखंड फुगतं, फट थोडी मिटते, आवाज दबतो. पण घाटात लोड आला की दाब तिथूनच वाट काढतो. आणि केबिनमधला वास? गिअरच्या दांड्याखालचं रबर फाटलं होतं, धूर तिथून आत. इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरदादाला हात जोडून सांगतो, असं करू नका. धूर झोपेत कळत नाही.

मॅनिफोल्ड उतरवताना तो हेडला धरून ठेवणारे दोन स्टड (बोल्ट) तुटले. मेस्त्रींनी तुटक्या बुंध्यावर नट ठेवला, आतून वेल्डिंगचा टाका भरला, लाली उतरेपर्यंत थांबले आणि पाना लावला. बारीक करकर करत स्टड फिरून आला. ड्रिल मारून हेडचे आटे खराब करणारे मी पुष्कळ पाहिलेत, म्हणून ते दहा मिनिटं मी श्वास धरूनच उभा होतो. मग मॅनिफोल्डवर सरळ पट्टी ठेवली. सहा नंबरच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आरपार गेलं, म्हणजे मॅनिफोल्ड वाकला होता. नुसतं जोडातलं नवं गॅस्केट टाकलं असतं तर महिन्याभरात पुन्हा जळलं असतं. शिवाजी उद्यमनगरात ग्राइंडिंगवर फेस मारून, म्हणजे जोडाची बाजू घासून सपाट करून, आणला. नवे स्टड, नवी गॅस्केटं, मधल्या नटांपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे आवळत गेलो. गरम-थंड झाल्यावर पुन्हा एकदा पाना फिरवला. सगळं मिळून चार हजारांच्या आत.

परवा आंबा घाट चढलो, भरलेली गाडी, तिसरा गिअर. साखरप्याहून निघाल्यापासून एक एसटी मागे होती. वरच्या वळणापर्यंत तिची पाटी मला आरशात दिसत होती.